गुलाबी गालांचं घराणं

मंगळवार, चौदा ऑक्टोबर. सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटं.

मंडळी, शोकसभेत असं कुणी सुरू करत नाही, हे मला ठाऊक आहे. पण मध्येच माझा आवाज बसला, तर निदान दिवस आणि वेळ तरी तुमच्या कानावर पडलेली असावी. त्या वेळी काय घडलं ते सांगणारच आहे. आधी तुमचे आभार मानते. जुम्म्याची नमाज आटोपून, जेवणं उरकून, कुणी अबकैकहून आलात, कुणी जुबैलहून. नजमाचे मोठे भाऊ कादरभाई तर अल खफजीहून गाडी हाकत आलेत. या क्लबहाउसमध्ये एवढी माणसं मी दिवाळीच्या फराळालाही पाहिली नाहीत. नजमा असती तर आधी मुंडकी मोजली असती आणि विचारलं असतं, "टीचर, बिर्यानी कोन करतंय एवढ्यांची?"

मी इथल्या भारतीय शाळेत सव्वीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. बोलणं हाच माझा धंदा. तरी चार दिवस कागद पुढ्यात घेऊन बसले आणि एक ओळ धड लिहिता आली नाही. नजमा मुकादम माझी समोरच्या दाराची शेजारीण. एकोणीस वर्षं. बेल न वाजवता माझ्या घरात शिरणारी ती एकटीच. आता बेल वाजवून एसीवाला तेवढा येतो.

तिला काय आजार होता, ते इथल्या बऱ्याच जणांना माहीत नाही. कुणी ॲलर्जी समजायचं, कुणी संधिवात. एक वहिनी तर मला म्हणाल्या होत्या, "फार नाजूक हो ती, उन्हात आली की लगेच लाल होते." नाजूक! पाच किलो पापलेटं एका बैठकीत साफ करणारी बाई नाजूक! तिला ल्युपस होता. शरीराची संरक्षण करणारी फौज शत्रू सोडून स्वतःच्याच माणसांवर उलटते, तो आजार. सांधे, कातडी, रक्त, मूत्रपिंडं, कशालाही हात घालतो. ऊन लागलं की भडकतो. आणि ही बाई राहायला कुठे आली, तर सौदी अरेबियात. ती स्वतःच म्हणायची, "टीचर, अल्लाचा पन विनोद बगा. ज्या बाईला ऊन सोसत नाय, तिचा नवरा वाळवंटात नोकरीला." अबायाच्या काळ्या झग्याला ती 'माझी सरकारी छत्री' म्हणायची. गाडीपासून दुकानाच्या दारापर्यंत वीस पावलं असायची, तेवढ्यासाठी खरी छत्रीही उघडायची. पार्किंगमधला पहारेकरी आकाशाकडे बघायचा. ढग नाही, थेंब नाही, आणि ही बाई छत्रीत. नजमा त्याला हात हलवून सलाम करायची.

हसा हो. ती हसली असती. शोकसभा आहे म्हणून तोंडं आंबट करून बसू नका.

हा आजार मला पुस्तकातून कळला नाही. पुस्तकातून मी पोरांना वाटाण्याच्या रोपांची आनुवंशिकता शिकवत होते, हिरवे दाणे, पिवळे दाणे. ल्युपस मला नजमाने शिकवला, आणि तोही बोंबील तळताना. तुम्हाला या कंपाउंडमधले छतावरचे धुराचे अलार्म माहीत आहेत. माझ्या घरातला अलार्म स्वयंपाकघर पेटलं तरी झोपून राहील. नजमाच्या घरातला फोडणीतली मोहरी तडतडली की बोंब मारायचा. एका दुपारी तिने कढईत बोंबील सोडले आणि भोंगा सुरू झाला. तो ऐकून शेजारच्या खोलीतला सुरू झाला, मग जिन्यातला. सुरक्षारक्षक लाल नळकांडं घेऊन धावत वर आला. नजमाने कढई तशीच ठेवली, त्याच्या हातावर एक बोंबील ठेवला आणि म्हणाली, "खलास भाई, आग नहीं है, मच्छी है." मग माझ्याकडे वळली. "टीचर, माज्या आत पन असलाच भोंगा बसवलाय. तुमच्या आत साधा, माज्या आत हा. डॉक्टरीन बोलली, जन्मापासूनच असा बसवलेला."

आणि तिचं बरोबर होतं. मी नंतर वाचून पाहिलं, वर्गात उत्तरपत्रिका तपासावी तसं, चूक सापडेल या आशेने. सापडली नाही. पेशीला विषाणूची चाहूल लागली की ती इंटरफेरॉन नावाची हाक देते. शेजारच्या पेशी ती ऐकतात, दारं लावून घेतात, फौजेला बोलावतात. संकट टळलं की हाक थांबायला हवी. आता ही हाक किती लवकर उठावी, किती मोठी असावी, ऐकणाऱ्याचे कान किती तिखट असावेत, मेलेल्या पेशींचा कचरा किती झपाट्याने उचलला जावा, हे सगळं जनुकांच्या हातात असतं. प्रत्येकाच्या जनुकांत थोडाथोडा फरक. इथे जरा तिखट, तिथे जरा ढिलं. एकेकटा फरक काहीच करत नाही. तुमच्यात आहेत, माझ्यात आहेत. पण एखाद्याच्या वाट्याला असे पुष्कळ फरक एकत्र आले, वरून ऊन लागलं, एखादा ताप येऊन गेला, बाळंतपण झालं, की भोंगा सुरू होतो आणि बंदच होत नाही. आग नसतेच. मच्छी असते. पण फौज आलेली असते आणि ती घर फोडत असते.

यात शाप नाही. नजर नाही. कुणाचं पाप नाही. आणि जनुकं आली म्हणजे आजार आलाच, असंही नाही. हुबेहूब जुळ्या बहिणींतही कित्येकदा एकीला होतो आणि दुसरी ठणठणीत राहते. मात्र जवळच्या नात्यात कुणाला असेल, तर डोळे उघडे ठेवावेत. एवढंच.

आता चौदा ऑक्टोबर.

नजमाची मुलगी सना. ही इथे पहिल्या रांगेत बसली आहे, माझीच विद्यार्थिनी, वय चोवीस. तिच्याबद्दल बोलायला मी तिची परवानगी घेतली आहे. काल विचारलं तर म्हणाली, "टीचर, जस्ट से इट. बट प्लीज, लेक्चर नको." दुसरी अट मी पाळलेली नाही, ते तुम्ही पाहताच आहात.

सनाची बोटं सकाळी आखडायची. केस गळायचे. दोन महिने थकवा. त्या मंगळवारी ती तिच्या नोकरीच्या ठिकाणच्या दवाखान्यात गेली. दहा वाजून चाळीस मिनिटांनी तिथल्या डॉक्टरांनी तिची फाइल पाहिली, घरच्यांच्या आजाराच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि सांगितलं, घराण्यात काही नाही, तेव्हा तपासण्यांची गरज नाही. ड जीवनसत्त्व घ्या, लवकर झोपा, मोबाइल कमी बघा. मोबाइल कमी बघा! मुलीच्या दोन्ही गालांवर नाकावरून गेलेला लाल पट्टा, फुलपाखरासारखा, आणि डॉक्टर बघताहेत कागद. चार मिनिटांत बाहेर. सनाने आईला काही सांगितलं नाही. आई तेव्हा छातीत कफ भरून खोकत होती, तिला आणखी काळजी कशाला. त्याच आठवड्यात नजमाला दाखल केलं. तीन आठवड्यांनी ती गेली. फुप्फुसांत जंतुसंसर्ग झाला आणि वर्षानुवर्षांच्या औषधांनी तिची फौजही थकलेली होती.

मी त्या दवाखान्याला पत्र लिहायला बसले. तुम्हाला माझी पत्रं माहीत आहेत. कंपाउंडच्या पोहण्याच्या तलावापासून शाळेच्या बसपर्यंत सगळं माझ्या पत्रांनी हललेलं आहे. फुलस्केपची दोन पानं झाली होती. मग ठरवलं, पुरावा हवा. सनाला म्हटलं, त्या फाइलीची प्रत आण.

तिने आणली. घराण्यातले आजार, त्यापुढे ल्युपस या पाच अक्षरी इंग्रजी शब्दाऐवजी तो नेहमीचा तीन अक्षरी. निल. काही नाही. आणि मंडळी, ते अक्षर माझं होतं.

नाशिकच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी बोटांवर पट्टी मारून वळवलेलं अक्षर. मला कुणी अंधारात दाखवलं तरी ओळखीन. या कंपाउंडमधल्या मराठी बायकांचे फॉर्म कोण भरत आलंय? टीचर. अक्षर चांगलं, इंग्रजी चांगलं, स्पेलिंगची चूक नाही. सनाला नोकरी लागली तेव्हा नजमा फॉर्म घेऊन आली, सोबत ताटात घावने. मी रकाना वाचला. समोर वीस वर्षं ल्युपस घेऊन बसलेली आई घावने वाढत होती. आणि मी लिहिलं, निल.

का लिहिलं? तुम्ही विचारू नका, तुम्हीही तेच लिहिता. मुंबईच्या एजंटाने पहिल्या मेडिकलच्या वेळी आपल्याला काय पढवलं? सगळीकडे निल. साखर? निल. दमा? निल. नाहीतर अनफिट, नाहीतर इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, नाही, नाहीतर परतीचं तिकीट. ती भीती एका कागदाची होती, आपण ती प्रत्येक कागदाला लावली. दवाखान्याचा फॉर्म, शाळेचा फॉर्म, दाताच्या डॉक्टरचा फॉर्म. सनाच्या त्या रकान्याचा इकाम्याशी काडीचा संबंध नव्हता. माझ्या हाताला सवय लागली होती. वाटाण्याच्या दाण्यांची आनुवंशिकता सव्वीस वर्षं शिकवणाऱ्या बाईने शेजारणीच्या मुलीचा वारसा एका शब्दात पुसून टाकला.

ते पत्र मी फाडलं. पुरतं फाडलं नाही, त्या डॉक्टरांनी गालांकडे बघायला हवं होतं हे माझं मत कायम आहे. पण पहिल्या पानावरचं आरोपीचं नाव बदललं.

सना, सगळ्यांसमोर सांगते, माझी चूक झाली. चूक कबूल करायची मला सवय नाही, तेव्हा जमलं असेल तसं गोड मानून घे.

आता पुढचं. नजमाच्या दफनानंतर तिच्या डॉक्टरबाई सांत्वनाला घरी आल्या. सौदी बाई, सांधे आणि असल्याच आजारांच्या तज्ज्ञ, नजमाची त्यांच्याशी अकरा वर्षांची मैत्री. दोघींचं बोलणं म्हणजे अर्धं अरबी, अर्धं हिंदी आणि उरलेलं हातवारे. त्यांनी सनाला पाहिलं. दारातच. चहाही घेतला नाही. तिचा चेहरा हातात धरून खिडकीशी नेलं. दुसऱ्या दिवशी रक्त, लघवी, सगळं तपासलं. लघवीतून प्रथिनं जायला लागली आहेत, म्हणजे मूत्रपिंडांना झळ लागली आहे. लागली आहे, जळलेली नाहीत. उपचार सुरू झाले. डॉक्टरबाईंनी सांगितलं की आता अशीही औषधं आहेत, जी त्या इंटरफेरॉनची हाक ऐकणारे पेशींचे कानच झाकतात. नजमा पहिल्यांदा आजारी पडली तेव्हा असलं काही नव्हतं. हिला गरज लागली तर मिळेल.

पण त्यांना एक गोष्ट हवी आहे, आणि ती कुठल्याही प्रयोगशाळेत मिळत नाही. घराण्याची माहिती. बहुतेकांत हा आजार पुष्कळ बारीक फरकांचा मिळून होतो. पण क्वचित काही घराण्यांत एकच जनुक बिघडलेलं असतं, आई आणि बाप दोघांकडून तेच येतं, आणि मग आजार लहान वयात येतो, मूत्रपिंडांवर जोराने येतो. नात्यात लग्नं होतात तिथे हे शोधावं लागतं. नजमा आणि तिचे यजमान इक्बालभाई मामे-आते भावंडं. नजमाचे आईवडीलही नात्यातलेच. हे ऐकून इक्बालभाई खाली बघायला लागले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "मान वर करा. माझे आईवडील चुलत भावंडं आहेत. आपण लाजायला बसलो नाही, झाड काढायला बसलो आहोत." त्यांनी कागदावर रेघा मारायला घेतल्या. नजमाची आई? इक्बालभाई म्हणाले, तब्येत उत्तम. फक्त गुडघे धरायचे. आणि गाल? डॉक्टरबाईंनी विचारलं. तेव्हा हे अभिमानाने म्हणाले, "गाल तर काय, गुलाबी. त्यांच्या घराण्याची खूणच ती. अरब खलाशांचं रक्त. नजमाची अम्मी, खाला, सगळ्यांचे गाल असे."

डॉक्टरबाईंनी पेन ठेवलं. आधी हसल्या, मग डोळे पुसले. म्हणाल्या, "इक्बालभाई, मी अरब आहे. माझ्या आज्या, पणज्या, सगळ्या बघितल्यात मी. हा आमचा रंग नाही."

तीन पिढ्या, मंडळी! तीन पिढ्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर या गालांवरून सोयरिकी जुळल्या. बायका नववधूचे गाल बघून म्हणायच्या, घराणं कळतं. घराणं खरंच कळत होतं. वाचणारं कुणी नव्हतं. नजमा हे ऐकायला हवी होती. तिने सांगितलं असतं, "बगा टीचर, आजार पन आमाला ऐटीतला झाला."

मग मी कादरभाईंना फोन केला. कादरभाई, तुम्ही माझ्या दादासारखे, रागवू नका. मी विचारलं, तुमच्या खाला, म्हणजे मावशी, कशाने गेल्या? तुम्ही म्हणालात, बाळंतपणात. मी विचारलं, पाय सुजले होते का, मूत्रपिंडं थकली की सुजतात तसे? तुम्ही म्हणालात, "टीचर, आमच्या खानदानात आजार नाय. पोरीचं लगीन व्हायचंय. तुमी हे कागदावर आनू नका."

मी तेव्हा फोन ठेवला. आता उत्तर देते, आणि सर्वांसमोर देते, कारण इथे प्रत्येकाच्या घरात एक कादरभाई आहे. माझ्या माहेरी तर चार होते. कादरभाई, तुमची भीती खोटी नाही. स्थळं विचारतात, मला माहीत आहे. पण ज्या घराला गुलाबी गाल चालतात आणि त्यांचं कारण चालत नाही, त्या घरी आपली सना द्यायची आहे कुणाला? आणि तुमची बहीण वीस वर्षं छत्री घेऊन वाळवंटातून हसत चालली. ती कुठल्या दृष्टीने त्या खानदानाची लाज होती? तुमच्या घराण्यातली सगळ्यात धीट बाई होती ती. सनालाही तो धीर आईकडूनच मिळालाय. काल सुई टोचताना नर्सला म्हणाली, "यल्ला, जल्दी, मला ऑफिस आहे."

कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे लिहिलंय, मनोगत आणि दोन मिनिटं शांतता. दुआ आपण आधीच मागितली आहे. शांतता मी मागणार नाही. नजमाला ती कधी आवडली नाही, आणि तिच्या माहेरी ती गरजेपेक्षा जास्त झाली आहे.

त्याऐवजी हे घ्या. कादरभाई, हा एक लिफाफा तुम्हाला. इक्बालभाई, हा तुम्हाला. आत एकेक कागद आहे, प्रश्न मराठीत आहेत, माझ्याच अक्षरात. आई, खाला, आत्या, त्यांची मुलं. सांधे कुणाचे दुखायचे. उन्हाने कोण लाल व्हायचं. गर्भ कुणाचा वारंवार पडला. पाय कुणाचे सुजले. कोण किती वर्षांची असताना गेली. माहीत नसेल तिथे 'माहीत नाही' लिहा, ते चालतं. गावी फोन करा. म्हाताऱ्या बायका अजून आहेत, त्यांना सगळं आठवतं, त्यांना आजवर कुणी विचारलं नाही एवढंच.

सनाची डॉक्टरबाईंकडे वेळ परवाच्या नव्हे, त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी नऊची आहे. मला तुमचं उत्तर लेखी हवं. तोंडी नको, 'सब ठीक है' नको, तुमच्या सहीनिशी हवं. पुढच्या गुरुवारी, असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या, अजानीच्या आत, माझ्या दारात. उशीर झाला तर शुक्रवारी मी स्वतः खफजीला येईन, आणि कादरभाई, मी आले की जेवल्याशिवाय जात नाही. 'निल' लिहिलेला कागद मी स्वीकारणार नाही.

नजमा, खुदा हाफिज.